परिचंद साहेबांचं पुस्तक

वाशीमच्या बाहेर, शिरपूरच्या वाटेला चंपत माळ्याचा मळा होता आणि मळ्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून मिशनचा बंगला. बंगला म्हणजे कौलारू दोन खोल्या, एक दवाखाना आणि एक प्रार्थनाघर. तिथं ओवेन प्रिचर्ड नावाचे म्हातारे पाद्री एकटेच राहायचे. ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावानं त्यांचं 'परिचंद साहेब' करून टाकलं होतं. साहेबांना ते इतकं आवडलं की पुढं पुढं चिठ्ठीखाली ते स्वतःच तशी सही करू लागले.

तेहेतीस वर्षांत त्यांच्या हातून ख्रिस्ती झालेली माणसं मोजकीच. पण ताप, खरूज, गालफुगी घेऊन त्यांच्या दवाखान्यात अख्खा तालुका येऊन गेला होता. म्हातारपणी त्यांनी एक पुस्तक लिहायला घेतलं. विलायतेत राजे होते, राजांवर लोकांनी लगाम घातला, मग लोकच आपले कारभारी निवडू लागले. या सगळ्या विचारात येशूच्या शिकवणीचा वाटा किती, हे त्यांना मराठीत सांगायचं होतं. पहिली वीस पानं त्यांनी शाळेतल्या एका मास्तरांना दाखवली. मास्तर म्हणाले, "भाषा फार प्रौढ आहे, साहेब." साहेब खूश होऊन घरी आले. वाटेत मळ्यात थांबून त्यांनी त्यातलंच एक पान चंपतला वाचून दाखवलं.

चंपतनं शेवटपर्यंत ऐकलं. मग डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला.

"काय समजलं, चंपतराव?"

"साहेब, आवाज चांगला हाय तुमचा."

साहेबांनी त्या संध्याकाळी वीसच्या वीस पानं फाडली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज दुपारी, बैल सुटले की, विहिरीजवळच्या जांभळीखाली येऊन बसू लागले. लिहिलेलं वाचायचं, आणि चंपतला जे समजणार नाही ते खोडायचं, असा त्यांनी नेमच केला. चंपत तेव्हा पंचेचाळिशीचा होता. चौथीपर्यंत शिकलेला, बोलायला कमी, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती दोन दोन दिवस घोळवणारा.

त्याची बायको हौसाबाई लांबूनच हे पाहायची. "एक दिवस तुमाले पानी शिंपडून बाटवनार तो साहेब," ती म्हणायची.

"अवं, पानी तर मीच त्याच्या बागेले देतो," चंपत म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात, १९३० साली, पुस्तक एका शब्दापाशी अडलं. साहेबांना सांगायचं होतं की राजाचा हुकूम माणसाच्या अंगणापर्यंत चालतो, पण आत एक जागा अशी आहे जिथं देवाशिवाय कुणाचा हुकूम चालत नाही. विलायतेतल्या साध्यासुध्या भाविक लोकांनी हे धरून ठेवलं, त्यापायी तुरुंग भोगले, आणि त्यातूनच पुढं सरकारच्या सत्तेलाही कुठंतरी कुंपण असतं हा विचार निघाला. त्या आतल्या जागेला कोशात मराठी शब्द होता. साहेबांनी तो वाचला, "सदसद्विवेकबुद्धी."

"हे म्हनता म्हनता मोट भरून वर येते, साहेब," चंपत म्हणाला.

"मग तुम्ही काय म्हणता? समजा, कुणी पाहत नाही, कुणी पकडणार नाही, तरी चुकीचं काम करताना जे आतून अडवतं..."

"ते होय? आमी म्हनतो, मन खाते."

"मन खातं," साहेब पुटपुटले. मग त्यांनी तो लांबलचक शब्द खोडला आणि वर छोट्या अक्षरात हे दोन शब्द लिहिले. लिहिताना ते लहान मुलासारखे हसत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट वाचली. साहेब इंग्रज नव्हते. इंग्लंडच्या शेजारच्या वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखातले होते. त्यांची बोली निराळी, प्रार्थनाघरंही निराळी. त्या प्रार्थनाघरात उपदेशक सरकार नेमायचं नाही. मंडळीच हात वर करून निवडायची. गाडीवानाचा हात एक, जमीनवाल्याचा हातही एकच. आजोबा तिथले पंच होते आणि एका जमीनदाराची शेती कसायचे. ते तिथं जे शिकले तेच त्यांनी बाहेर केलं. १८६८च्या निवडणुकीत मत सगळ्यांसमोर तोंडानं सांगावं लागे. जमीनदाराचा कारभारी समोर वही घेऊन बसलेला. आजोबांनी जमीनदाराच्या माणसाचं नाव न घेता दुसऱ्याचं घेतलं. पुढच्या वसंतात शेत सोडायची नोटीस आली.

"मी दोन वर्षांचा होतो," साहेब म्हणाले. "आई मला कडेवर घेऊन चालली. आजोबा पुढं, पाठीवर खाट. आमच्यासारखी कितीतरी घरं निघाली. त्याचा बोभाटा झाला आणि तीन वर्षांनी कायदा आला: मत चिठ्ठीवर, कुणाला न दाखवता."

चंपतनं विचारलं, "आन् त्या जमीनदाराचा देव कोनता होता?"

"तोच. येशूच."

"त्याच्या पोथीत अलग लिहिलं होतं?"

"नाही. पोथीही तीच." साहेबांनी चष्मा काढला. "राजे म्हणायचे, आम्हाला देवानंच नेमलं आहे. तेही त्याच पोथीतून दाखवायचे. गुलाम सोडवणारे तिच्यावर हात ठेवून बोलले, गुलाम विकणारेही. मी हे लपवणार नाही, चंपतराव. पुस्तकात लिहिणार आहे."

"आमच्याकडंबी तसंच हाय. संत सांगून गेले, देवापुढं समदे सारखे. आमी डोये मिटून टाळ वाजवतो आन् पंगतीले वायले वायले बसतो."

चंपत उठला, बैलांना कडबा टाकून परत आला, पण बसला नाही.

"एक इचारू? राग मानू नका."

"विचारा."

"देवापुढं गाडीवान आन् जमीनदार सारखा, म्हनून तुमच्या मुलखात चिठ्ठी आली. मंग तुमचा राजा आमच्यावर बसला हाय तो काहून? आमाले कोनी इचारलं? का तुमच्या देवापुढं आमी थोडे कमी हाओ?"

साहेबांनी वही मिटली. उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं असं नाही. पुष्कळ उत्तरं होती आणि ती त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली होती. त्यातलं एकही त्यांना त्या जांभळीखाली उच्चारवेना. "हे पान मला अजून लिहिता येत नाही," ते म्हणाले आणि धुऱ्यावरून हळूहळू बंगल्याकडं गेले.

त्याच वर्षी वऱ्हाडात जंगल सत्याग्रह सुरू झाला. राखीव जंगलातलं गवत परवानगीशिवाय कापायचं, पळायचं नाही, हात उगारायचा नाही, आणि पोलीस नेतील तिकडं जायचं. श्रावणात शिरपूरच्या वाटेवरच्या जंगलात माणसं जमायची ठरली. चंपतनं हौसाबाईला आदल्या दिवशी सांगितलं.

"कायले?" ती म्हणाली. "आपल्या धुऱ्यावर गवत कमी हाय का?"

"गवतासाठी नाई जाऊन राह्यलो."

"मंग?"

"मले सांगता येत नाई, हौसे. पन घरी बसलो त मन खाइन."

तिनं त्याला भाकरी बांधून दिल्या, पण जाताना तोंड फिरवून उभी राहिली.

जंगलाशी तीसेक माणसं होती. त्यात जवळच्या तांड्यावरचा हरिसिंग होता, उंच, दांडगा गडी. सगळ्यांनी विळे काढले, मूठमूठ गवत कापलं आणि ते पुढ्यात ठेवून खाली बसले. शिपायांनी लाठ्या चालवल्या. एक शिपाई ओल्या दगडावरून घसरून पडला आणि त्याचं कपाळ फुटलं. शिरपूरला एका आजाऱ्याला पाहून परिचंद साहेब त्याच वेळी टांग्यातून परत येत होते. त्यांनी टांगा थांबवला, उतरून त्या शिपायाच्या कपाळाला पट्टी बांधली, आणि बसलेल्या माणसांमध्ये त्यांना चंपत दिसला. त्याच्या खांद्यावर लाठीचा वळ उठला होता, आणि हात मांडीवर होते.

चार दिवसांनी दुपारी फौजदार बंगल्यावर चहाला आला. हरिसिंग आणि चंपत यांनी शिपायाला दगड मारला, असा खटला उभा राहणार होता.

"साहेब, आपण त्या रस्त्यानं गेलाच नव्हता, असं धरू," फौजदार नम्रपणे म्हणाला. "मिशनचाही दंडक आहे ना, सरकारी कामात तोंड घालायचं नाही म्हणून?"

"आहे," साहेब म्हणाले. "मीच तो नव्या लोकांना वाचून दाखवतो."

"मग झालं तर."

"पण मी त्या रस्त्यानं गेलो होतो," साहेब म्हणाले आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

खटल्याच्या दिवशी वाशीमच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. आरोपींनी वकील दिला नव्हता. गवत कापलं का, विचारलं की प्रत्येक जण "कापलं" म्हणायचा. दगडाची गोष्ट निघाली तेव्हा मागच्या बाकावरून साहेब उठले. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "आपल्याला कुणी साक्षीला बोलावलेलं नाही."

"नाही. मी आपण होऊन आलो आहे. त्या शिपायाला पट्टी मी बांधली."

आरोपींच्या पिंजऱ्यातून चंपत मोठ्यानं म्हणाला, "साहेब, तुमी घरी जा! तुमाले तरास होइन."

"चंपतराव, जरा थांबा," साहेब म्हणाले, जसं काही ते जांभळीखालीच बसले होते. मग त्यांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आणि पाहिलं ते सांगितलं: गवत कापलं, माणसं बसली, लाठ्या पडल्या, एकाही माणसानं हात उचलला नाही, शिपाई घसरून पडला. शेवटी मॅजिस्ट्रेटनी त्या शिपायालाच विचारलं. शिपाई तरुण होता. त्यानं साहेबांकडं पाहिलं, कपाळावरच्या पट्टीला हात लावला आणि मान खाली घालून म्हणाला, "पाय घसरला, हुजूर."

दगडाचा आरोप गेला. गवताचे तीन महिने लागले. हरिसिंगनं बाहेर पडताना साहेबांना वाकून नमस्कार केला. शिपायांनी दंडाला धरून पुढं नेईपर्यंत चंपत मागं वळून त्यांच्याकडं बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी साहेब मळ्यात आले. हौसाबाई एकटी वांगी खुरपत होती. दोघांची एकुलती एक लेक इंझोरीला दिलेली, तिला दिवस गेलेले. मदतीला कुणी नव्हतं.

"तुमच्या पोथीनं माहा मानूस नेला," ती वर न बघता म्हणाली.

"हो," साहेब म्हणाले. "म्हणून आलो आहे. काम सांगा."

तिला वाटलं म्हातारा तोंडदेखलं बोलतो. तिनं खुरपं त्यांच्यापुढं टाकलं. साहेबांनी कोट काढला, जांभळीला अडकवला आणि पहिल्या ओळीत तणाबरोबर वांग्याची चार रोपं उपटली. हौसाबाईनं कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, आणि तिसऱ्याही.

पावसाळा सरला, मोट सुरू झाली. हौसाबाई बैल हाकायची आणि साहेब वाफ्यात पाणी फिरवायचे; एक वाफा भरला की मातीचं दार बंद करून दुसऱ्याचं उघडायचं. चौसष्ट वर्षांचा गोरा माणूस गुडघ्यापर्यंत चिखलात उभा, डोक्यावर चंपतचा जुना रुमाल. शिरपूरच्या जैन मंदिराला जाणारे यात्रेकरू गाड्या थांबवून बघायचे. साहेबांना सगळ्यांना रामराम घालायची हौस, तेवढ्यात वाफा फुटायचा.

"बाबा, पानी!" हौसाबाई वरून ओरडायची. 'साहेब' म्हणायचं तिनं केव्हा सोडलं, तिलाही कळलं नाही.

एकदा न्याहारीला बसताना तिनं विचारलं, "बाबा, त्या पोथीत बायांचं काय लिहिलं हाय?"

साहेब गडबडले. "आमच्या आजीला मत नव्हतं," ते म्हणाले. "आजोबांना होतं. शेत मात्र दोघांचंही गेलं."

"हंऽ," हौसाबाई म्हणाली. "मंग तुमचीबी पोथी अर्धीच झाली." आणि तिनं त्यांच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा वाढला. साहेबांनी त्या दिवशी बंगल्यावर जाऊन दिवेलागणीपर्यंत बसून बायांचं पान लिहिलं.

कार्तिकात मिशनच्या मोठ्या कचेरीचं पत्र आलं. साक्षीची बातमी तिकडं पोचली होती. पत्र सौजन्यानं लिहिलेलं होतं: वय झालं आहे, प्रकृतीला विश्रांती हवी, मायदेशी परत यावं. पुस्तक छापता येणार नाही, असंही एका ओळीत होतं. हौसाबाईला त्यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा ती मोटेचा नाडा धरून उभी होती.

"नाई गेले तर?"

"बंगला त्यांचा आहे, बाई."

"मळा आमचा हाय," ती म्हणाली.

साहेबांनी बंगल्याकडं पाहिलं. त्यांची बायको बारा वर्षांपूर्वीच्या तापाच्या साथीत गेली होती, बंगल्यामागच्या बोरीखाली पुरलेली. तेवढं एक सोडलं तर मागं ठेवताना जीव तुटावा असं त्यांचं काहीच सामान नव्हतं. हौसाबाई हे जाणून होती. ती एवढंच म्हणाली, "मी हाओ. बोरासाठी तिच्यावरची बोरी हलवू नाई देनार कोनाले."

निघण्याआधी साहेब अकोल्याच्या जेलात चंपतला भेटले. मध्ये लोखंडी जाळी. चंपत वाळला होता, पण डोळे तेच.

"मी आलो नसतो तुमच्या मळ्यात पुस्तक घेऊन, तर तुम्ही आज इथं नसता," साहेब म्हणाले. हे त्यांना इतके दिवस बोलायचं होतं.

"पोथीनं नाई आनलं मले. मी माह्या पायानं आलो," चंपत म्हणाला. "तुमी तेवढं मन नका खाऊ देऊ."

"तुमच्या प्रश्नाचं पान लिहिलं मी."

"काय लिहिलं?"

"तुम्ही विचारलं तेच. उत्तर म्हणून खाली लिहिलं, आम्ही जे आमच्यासाठी देवाचं नाव घेऊन मागितलं, ते तुम्हाला नाकारलं. हे आमचं पाप आहे. एवढंच. दोन ओळी."

चंपतनं जाळीतून दोन बोटं बाहेर काढली. साहेबांनी ती धरली. पलीकडचा शिपाई बघून न बघितल्यासारखा उभा राहिला.

"थंडीचं जाऊन राह्यले तुमी," चंपत म्हणाला. "बोटीवर वारा लागते म्हनतात."

"लागतो."

"हौसा बरी हाय?"

"मला तीन वेळा रागावली. वांगी चांगली आली आहेत."

मग वेळ झाली.

चंपत सुटला तेव्हा साहेबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. अकोल्याहून मोटारीनं तो वाशीमला उतरला आणि पायी मळ्याकडं निघाला. हौसाबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. त्याला पाहून ती उठली नाही. जुडी हातात तशीच धरून रडली. तो तिच्याजवळ मातीत बसला. बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, भर उन्हात, रस्त्यावरून माणसं जात असताना. असं त्यानं कधी केलं नव्हतं.

मग तिनं त्याला सगळा मळा फिरवून दाखवला. साहेबांनी लावलेले कांदे कुठं दाट, कुठं विरळ आले होते. "मी उपटून नीट लावनार होती," ती म्हणाली, "मंग म्हनलं, तुमी पाहाल." साहेबांनी जाताना दिलेली पुस्तकाची पानं तिनं फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली होती. ती पुढं कुणी छापली नाहीत. पण शेजारच्या मळ्यातला गुलाबराव आणि आजूबाजूचे चार माळी दुपारचे यायचे, हरिसिंगही बाजाराच्या दिवशी डोकवायचा, आणि चंपत एकेक पान वाचायचा. लोक मध्येच वाद घालायचे, एखाद्या पानाशी आठ आठ दिवस अडायचे. हौसाबाईही ऐकायला बसू लागली आणि बायांच्या पानाशी आल्यावर "हे त्याईनं माह्या सांगन्यावरून लिहिलं" असं दर वेळी सांगायची.

संक्रांतीच्या सुमाराला चंपतनं साहेबांना पत्र लिहायला घेतलं. आयुष्यात पहिलंच. खुशालीच्या दोन ओळी लिहून तो थांबला. पुढं काय लिहावं सुचेना. हौसाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

"लिहा, इंझोरीले पोरीले मुलगी झाली."

त्यानं लिहिलं.

"लिहा, म्हैस जनली, वगार हाय. लिहा, दूध तुमच्या नावानं पह्यलं शेजाऱ्याईले वाटलं. लिहा, तिकडं कोन करून घालते? ठेचा जमते का?"

"हौसे, कागद संपत आला."

"मंग बारीक लिहा," ती म्हणाली, आणि पीठ लागलेला हात पदराला पुसत त्याच्या शेजारी येऊन बसली.